छोट्या मरीन टँकला स्किमर कोणता घ्यावा

पावसाळ्यात जुहूला, अलिबागला किंवा गणपतीपुळ्याला भरतीच्या रेषेवर पिवळट-तपकिरी फेसाचे लगदे वाऱ्याने सरकताना दिसतात. लोक त्याला सरसकट प्रदूषण म्हणतात. काही ठिकाणी ते असतंही, पण पुष्कळदा तो फेस समुद्रातल्या शेवाळ-प्लवकांच्या कुजण्यातून सुटलेल्या सेंद्रिय पदार्थांचा असतो. लाटा पाण्यात हवा घुसळतात, हे पदार्थ बुडबुड्यांना चिकटतात आणि फेसाबरोबर वर येऊन किनाऱ्याला लागतात. खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतली (मरीन टँक) घाण काढणारा प्रोटीन स्किमर हेच काम एका नळकांड्यात करतो. फरक इतकाच की इथे फेस किनाऱ्यावर न पडता वरच्या कपात साठतो आणि आपण तो बेसिनमध्ये ओततो.

माशांची विष्ठा, न खाल्लेलं अन्न, प्रवाळांचा चिकट स्राव यांतून पाण्यात जे रेणू सुटतात त्यातल्या बऱ्याच रेणूंचं एक टोक पाण्याला धरून असतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं. हवा आणि पाणी जिथे भेटतात, म्हणजे बुडबुड्याच्या पृष्ठभागावर, अशा रेणूंना सोयीची जागा मिळते. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात, एकमेकांत चटकन मिसळत नाहीत. गोड्या पाण्यात ते लगेच एकत्र होऊन मोठे होतात आणि फुटतात. म्हणूनच गोल्डफिशच्या टाकीला कोणी स्किमर लावत नाही.

याचा खरा फायदा म्हणजे घाण कुजण्याआधी बाहेर पडते. कुजून तिचं अमोनिया, मग नायट्राइट, मग नायट्रेट झालं की स्किमरच्या हातात काही उरत नाही. नायट्रेट आणि फॉस्फेट फेसाला चिकटत नाहीत. ‘नायट्रेट वाढलंय, स्किमर लावतो’ असं म्हणत दुकानात जाणारे नवशिके इथेच फसतात. स्किमर पुढची वाढ कमी करील, पण आधीच साठलेलं नायट्रेट पाणी बदलूनच काढावं लागतं.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच माहीत असलेली बरी. पेन्सिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीतले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन यांनी २००९ च्या सुमारास वेगवेगळे स्किमर मोजून पाहिले. पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी साधारण २० ते ३५ टक्केच स्किमर ओढू शकतात आणि महाग-स्वस्त यांत जाहिरातीतून वाटतो तेवढा फरक नसतो, असं त्यातून दिसलं. तेव्हा ‘हा स्किमर त्याच्यापेक्षा दुप्पट घाण काढतो’ असं कोणी सांगितलं की ऐकून घ्या आणि सोडून द्या. छोट्या टाकीसाठी निवड करताना तो कुठे बसतो, किती आवाज करतो, त्याचे सुटे भाग मिळतात का आणि कप काढायला सोपा आहे का, या चार प्रश्नांवर जास्त वेळ घालवा.

आधी ठरवा: लागतो का?

टाकी ५०-६० लिटरपेक्षा लहान असेल तर माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. ५० लिटरच्या टाकीत दर रविवारी दहा लिटर पाणी बदललं की वीस टक्के पाणी नवं झालं. एक बादली आणि अर्धा तास, एवढंच काम. त्याच पाण्याबरोबर नायट्रेटही जातं आणि कॅल्शियम वगैरे घटक परत येतात. हे स्किमर करत नाही. शिवाय एवढ्या टाकीत बसणारे बहुतेक स्किमर खेळण्यासारखे असतात. घरघर खूप करतात, कपात मात्र पाण्यासारखं काहीतरी जमतं.

साठ ते शंभर लिटर हा मधला पट्टा. दोन क्लाउनफिश, एखादा गोबी मासा, थोडे सॉफ्ट कोरल (मऊ प्रवाळ) आणि हात आखडून खाऊ घालणारा मालक असेल तर इथेही स्किमरशिवाय छान चालतं. झोअँथिड, मशरूम, लेदर अशा मऊ प्रवाळांना अगदी नितळ, उपाशी पाणी तसंही फारसं मानवत नाही. पण मासे चार-पाच असतील, गोठवलेला मायसिस किंवा ब्राइन श्रिम्प (कोळंबीसारखे बारीक जीव) रोज खाऊ म्हणून घालत असाल, किंवा पाणी बदलायला दर आठवड्याला वेळ मिळत नसेल, तर घ्या.

शंभर लिटरच्या पुढे, अडीचशेपर्यंत, मी घ्याच म्हणेन. इथून पुढे बादल्यांचा हिशेब अंगावर येतो आणि मिठाचा खर्चही.

स्किमरचा एक फायदा घाणीशी संबंधित नाही. तो सतत पाण्यात हवा मिसळतो, म्हणजे ऑक्सिजन चांगला राहतो. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये टाकीचं तापमान चढतं आणि पाणी जेवढं गरम तेवढा त्यात ऑक्सिजन कमी मावतो. चिलर नसलेल्या टाकीत रात्रीच्या वेळी हा फरक माशांच्या जिवावर बेतू शकतो.

पैसे मोजकेच असतील तर क्रम असा ठेवा: आधी आरओ-डीआय, म्हणजे गाळून क्षार काढलेल्या पाण्याची सोय, मग चांगलं मीठ आणि रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं साधन), मग स्किमर. घरातला पिण्याच्या पाण्याचा आरओ टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्यावर आणत नाही, त्याच्यापुढे डीआय रेझिन लागतं. नळाच्या पाण्यावर चालणाऱ्या टाकीला महागडा स्किमर लावून शेवाळ जात नाही.

लिटर मोजा, खोक्यावरचा आकडा विसरा

टाकी आपल्याकडे फुटांत सांगतात. एक घनफूट म्हणजे साधारण २८ लिटर. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी घेतली तर साडेचार घनफूट, म्हणजे सुमारे १२७ लिटर. पण पाणी काठापर्यंत भरत नाही आणि आत दगड-वाळू असते, म्हणून प्रत्यक्षात शंभर-एकशे पाच लिटर धरा. खाली संप, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेली दुसरी छोटी टाकी, असेल तर त्यात चालू असताना जेवढं पाणी असतं तेवढं मिळवा, समजा तीस. एकूण १३०-१३५ लिटर. हा तुमचा खरा आकडा.

आता खोक्यावर ‘५०० लिटरपर्यंत’ लिहिलेलं असतं. तो आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठरवते, त्यासाठी सर्वांना लागू असं काही मोजमाप नाही. मासे कमी असतील तर तो आकडा साधारण अर्धा धरा, आणि मासे जास्त, खाऊ जास्त असेल तर तिसरा हिस्सा. म्हणजे १३५ लिटरच्या, कमी माशांच्या टाकीला ‘२५०-३०० लिटर’ लिहिलेला स्किमर पुरे.

इथे बरेच जण विचार करतात, मोठाच घेऊ, पुढे टाकी वाढवली तरी चालेल. स्किमरच्या बाबतीत हे उलटं पडतं. कपाखालच्या नळीतून, म्हणजे मानेतून, फेस वर चढायला त्यात पुरेशी घाण लागते, तीच फेसाला टिकवून धरते. रुंद मानेचा मोठा स्किमर दोन माशांच्या टाकीला लावला की फेस मानेच्या अर्ध्यात येतो, फुटतो, खाली पडतो. आठवडाभर कप कोरडा, मग खाऊ जास्त पडला की एका दिवसात भसाभस. आणि संपमधली जागा अडते ती वेगळीच. टाकीच्या मापाचाच घ्या.

जागा: इथेच निम्मी निवड होते

स्किमर बसवण्याच्या तीन जागा असतात.

संपमध्ये बसणारा सगळ्यांत चांगला, जर संप असेल तर. आवाज कॅबिनेटच्या आत राहतो, कप ओसंडला तरी पाणी संपमध्येच पडतं आणि बाजारात पर्यायही यातच जास्त. बबल मेगस, रीफ ऑक्टोपस यांचे छोटे मॉडेल बहुतेक या प्रकारचे.

संप नसेल तर टाकीच्या मागे लटकवायचा, ज्याला हँग-ऑन म्हणतात. यातल्या काहींना पृष्ठभागावरचं पाणी ओढणारं तोंड असतं, तसाच बघा. संप नसलेल्या टाकीवर तेलकट साय जमते आणि सेंद्रिय पदार्थ सर्वांत जास्त त्या सायीतच असतात.

तिसरा, टाकीच्या आत काचेला चुंबकाने किंवा सक्शन कपने चिकटणारा, किंवा ऑल-इन-वन (मागे फिल्टरचे कप्पे असलेल्या) टाकीच्या मागच्या कप्प्यात उभा राहणारा. टुंझे या जर्मन कंपनीची कॉमलाइन मालिका या प्रकारात वर्षानुवर्षं ओळखीची आहे. तीही पृष्ठभागावरूनच पाणी घेते. दिसायला जरा बोजड, पण गळतीची भीती नाही, कारण जे काही सांडायचं ते टाकीतच.

आता टेप घ्या आणि दुकानात जायच्या आधी मापं कागदावर लिहा. संपच्या ज्या कप्प्यात स्किमर ठेवायचा त्याची आतली लांबी-रुंदी. कप्प्यातल्या पाण्याची खोली. आणि संपच्या तळापासून कॅबिनेटच्या फळीपर्यंतची उंची. ही शेवटची उंची लोक हमखास विसरतात. स्किमर ४२ सेंटीमीटर उंच आणि वर ४५ सेंटीमीटर जागा, म्हणजे बसला असं वाटतं. पण कप काढायचा तर तो सरळ वर उचलावा लागतो, मान बाहेर येईपर्यंत. वर किमान सात-आठ सेंटीमीटर मोकळे नसतील तर प्रत्येक वेळी अख्खा स्किमर तिरपा करून, घाण सांडत, कप काढावा लागेल. मग कप धुणं लांबतं आणि न धुतलेला स्किमर काम करत नाही. काही मॉडेलचा कप अर्धा फिरवून निघतो, काहींचा नुसता रबरी रिंगवर घट्ट बसलेला असतो. दुकानात हातात घेऊन काढून-घालून बघा.

हँग-ऑन घेणार असाल तर टाकी आणि भिंत यांतलं अंतर मोजा. दहा-पंधरा सेंटीमीटर लागतातच. शिवाय आपल्याकडच्या लोकल बनवलेल्या टाक्यांना वरच्या कडेला आतून काचेची आडवी पट्टी चिकटवलेली असते. परदेशी हँग-ऑनचा हूक एका पातळ काचेवर बसेल असा बनवलेला असतो, तो या पट्टीवर अडतो. काचेची जाडी आणि पट्टीची रुंदी दोन्ही लिहून न्या.

पाण्याची खोली हा स्वतंत्र विषय आहे. छोट्या इन-संप स्किमरना साधारण १५ ते २२ सेंटीमीटर खोल पाणी लागतं. नेमका आकडा मॉडेलच्या माहितीपत्रकात असतो. पाणी कमी असेल तर फेस वर पोचत नाही, जास्त असेल तर कप साध्या पाण्यानेच भरतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही पातळी रोज तीच राहिली पाहिजे. संपमध्ये काचेचे अडसर टाकून कप्पे केलेले असतील तर बाष्पीभवनाने फक्त रिटर्न पंपाच्या (पाणी परत वरच्या टाकीत चढवणाऱ्या) कप्प्यातलं पाणी उतरतं, स्किमरच्या कप्प्यातलं अडसराच्या उंचीवर स्थिर राहतं. म्हणून स्किमर तिथेच ठेवा. संप नुसती एक मोकळी पेटी असेल तर पुण्या-नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात, त्यात तापमानासाठी पंखा लावलेला असेल तर, संध्याकाळपर्यंत पातळी उतरलेली दिसते आणि स्किमर सकाळी ओला (पाणीदार फेस देणारा), रात्री कोरडा (घट्ट, थोडा फेस देणारा) असा वागतो. यावर ऑटो टॉप-ऑफ (उडालेल्या पाण्याच्या जागी आपोआप गोडं पाणी भरणारं यंत्र) लावा किंवा संप बनवणाऱ्याकडून एक अडसर चिकटवून घ्या.

कप्प्यात पाणी जास्त खोल असेल तर घाबरायचं कारण नाही. ट्यूबलाइटच्या जाळीचा प्लास्टिक पत्रा मिळतो, तो कापून खाली पायऱ्यांसारखा रचा आणि स्किमर वर उचला. पाणी उथळ असेल तर मात्र सोपा उपाय नाही.

पंप, वीज आणि आपला वीजपुरवठा

छोट्या स्किमरमध्ये आता बहुतेक ठिकाणी सुईचाक असतं. पंपाच्या चाकावर पात्यांऐवजी बारीक सुया असतात. एका नळीतून हवा आत ओढली जाते आणि सुया तिचा चक्काचूर करून धुक्यासारखे बुडबुडे करतात. हाच प्रकार घ्या. लाकडी एअर स्टोनवर चालणारे जुन्या पद्धतीचे स्वस्त स्किमर अजून मिळतात. ते काम करतात, पण त्यांना ताकदवान एअर पंप लागतो आणि तो लाकडी स्टोन दर महिन्या-दीड महिन्याने बदलावा लागतो.

परदेशातून नातेवाइकांनी आणलेला स्किमर असेल तर पंपावरचं लेबल वाचा. अमेरिकेतला एसी पंप ११०-१२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा असतो. आपल्या २३० व्होल्टला थेट लावला की जळतो. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवलं तरी आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चाक हळू फिरतं आणि हवा कमी ओढली जाते. डीसी पंपाला हा त्रास नाही, त्याचा अ‍ॅडॉप्टर बहुधा १०० ते २४० व्होल्ट घेतो. लेबलवर तसं लिहिलं आहे एवढं बघा.

घरी इन्व्हर्टर असेल तर तो शुद्ध साइन वेव्हचा आहे का तेही तपासा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर एसी पंप गुणगुणतात आणि गरम होतात. डीसी पंप शांत असतो आणि वेग कमी-जास्त करता येतो. छोट्या टाकीत ही सोय खरोखर उपयोगी आहे. फक्त कंट्रोलर कॅबिनेटमध्ये संपच्या वर टांगू नका. खारट ओलसर हवेने तो आधी जातो.

विजेचा खर्च नगण्य. आठ वॅटचा पंप महिनाभर अखंड चालला तर सहा युनिटपेक्षा कमी वीज खातो. उष्णता मात्र सगळी पाण्यात जाते. म्हणून छोट्या टाकीत वॅट कमी असलेला पंप दोन्ही बाजूंनी बरा.

दुकानदाराला एक प्रश्न आवर्जून विचारा: इम्पेलर (पंपाचं फिरणारं चाक) वेगळा मिळतो का? सुईचाक आणि त्याचा सिरॅमिक दांडा हेच झिजतात, तुटतात. क्रॉफर्ड मार्केटमधल्या किंवा कुर्ल्याच्या दुकानात बोयूसारख्या चिनी ब्रँडचे भाग हाताशी असू शकतात, तर नावाजलेल्या आयात ब्रँडचा एक दांडा महिनाभर वाट बघायला लावतो. भाग मिळत नसलेला उत्तम स्किमर घेण्यापेक्षा भाग मिळणारा मध्यम स्किमर मी घेईन.

जुना, वापरलेला घ्यायला हरकत नाही. छंद सोडणारे पुष्कळ असतात आणि अ‍ॅक्रिलिक सहज खराब होत नाही. सांध्यांवर केसासारख्या चिरा आहेत का ते उजेडात धरून बघा. पंप बादलीत पाणी घेऊन पाच मिनिटं चालवून ऐका. खरखर येत असेल तर दांडा गेलेला आहे. आधीच्या मालकाने टाकीत तांब्याचं औषध वापरलं होतं का, हेही विचारा. तांबं कोळंबी-शंखांना आणि प्रवाळांना मारतं, त्यामुळे उत्तर गुळमुळीत आलं तर सोडून द्या.

बसवल्यावरचे पहिले दोन आठवडे

नवा स्किमर खोक्यातून काढून थेट पाण्यात टाकू नका. कारखान्यातलं तेल, चिकटपणा त्यावर असतो. बादलीत कोमट पाणी आणि पांढरं व्हिनेगर घालून त्यात तासभर चालवा, मग साध्या पाण्याने धुवा. साबण किंवा भांडी घासायचं लिक्विड अजिबात नको.

बसवल्यावर हवेची नळी पूर्ण उघडी ठेवा आणि पाणी बाहेर पडायचा व्हॉल्व्हही पूर्ण उघडा. आता फेस मानेच्या खालीच राहील. राहू द्या. नव्या प्लास्टिकवर सेंद्रिय थर बसेपर्यंत स्किमर नीट वागत नाही, काही दिवसांपासून दोन आठवडेही लागतात. या काळात तो मध्येच वेड्यासारखा ओसंडतो आणि टाकीत बारीक बुडबुडे सोडतो. रोज व्हॉल्व्ह फिरवत बसलात तर कशाने काय झालं हे कळणार नाही.

स्थिरावला की व्हॉल्व्ह अगदी थोडा बंद करा. तेवढ्याने आतली पातळी वाढते आणि फेस वर चढतो. चोवीस तास थांबा, मग पुन्हा थोडा. मानेत काय चाललंय ते जवळ जाऊन बघण्यासारखं असतं. तळाशी दुधाळ पांढरं पाणी, त्यावर बारीक बुडबुडे, मग ते हळूहळू मोठे होत, पाणी गाळून टाकत वर सरकतात, आणि मानेच्या काठावर येतात तेव्हा फेस कोरडा, तपकिरी होऊन कडेने कपात घसरतो. मानेच्या आतल्या भिंतीला हिरवट-काळपट चिकट थर धरतो. पाणी आणि फेस यांची सीमा मानेच्या तळाशी राहील असं लावा.

कपात कडक चहाच्या रंगाचं पाणी जमत असेल तर बरोबर. जवळजवळ काळं, घट्ट आणि अगदी थोडं जमत असेल तर स्किमर फार कोरडा चालतोय, थोडं ओलं करा. फिकट पिवळं आणि भराभर येत असेल तर फार ओला आहे आणि तुम्ही मिठाचं पाणी फेकताय. छोट्या टाकीत हे महागात पडतं. ऑटो टॉप-ऑफ असेल तर आणखी धोका: स्किमर खारं पाणी कपात काढतो, टॉप-ऑफ त्याच्या जागी गोडं पाणी भरतो आणि सकाळपर्यंत टाकीची सॅलिनिटी (खारेपणा) उतरलेली असते. रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ चं १.०२२ झालं तर प्रवाळ लगेच मिटतात. कपाला नळी काढून बाटलीत सोडली असेल तर बाटली छोटीच ठेवा आणि झाकण हवाबंद नको.

रोजचं वागणं

आठवड्यातून दोनदा कप ओता आणि मान आतून पुसून काढा. बाटली घासायचा ब्रश पुरतो. मानेवर थर साचला की फेस तिथेच अडून बसतो. कप भरला नाही तरी मान धुवायचीच.

दर दोन-तीन महिन्यांनी पंप सोडवून व्हिनेगरमध्ये किंवा सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात रात्रभर ठेवा. आत पांढरा चुना बसतो, तो विरघळतो. हवेच्या नळीच्या तोंडाशी मीठ धरतं ती वेगळी कटकट. बुडबुडे कमी झालेत असं वाटलं तर आधी तिथे बघा. हवेच्या नळीचं टोक अर्धा पेला गरम गोड्या पाण्यात बुडवा, चालू स्किमर ते पाणी ओढून घेतो आणि आतलं मीठ निघून जातं. बाजारात ‘नवा पंप घ्या’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या निम्म्या तक्रारी एवढ्याने मिटतात.

आता तक्रारींबद्दल थोडं. खाऊ घातल्यावर किंवा टाकीत हात घातल्यावर फेस एकदम बसला तर काळजी नको. अन्नातलं आणि कातडीवरचं तेल फेस मोडतं, काही तासांनी तो परत येतो. उलट, अचानक धो-धो ओसंडायला लागला तर टाकीत काहीतरी गेलंय. क्लोरीन काढायचं कंडिशनर, दगड चिकटवायची पुटी, एखादं औषध, कोरल बुडवून धुतलेल्या द्रवाचा अंश, किंवा दगडामागे मेलेला मासा. आधी मासे मोजा.

आपल्या घरांतला एक धोका परदेशी लेखांत सहसा सापडत नाही. स्किमर खोलीतली हवा ओढून पाण्यात बारीक करून मिसळतो, म्हणजे खोलीत जे जे उडतं ते पाण्यात उतरतं. डासांसाठीची लिक्विड, कॉइल, झुरळांचा स्प्रे यांत पायरेथ्रॉइड गटातली रसायनं असतात आणि ती मासे-कोळंबी यांना अतिशय विषारी असतात. ज्या खोलीत टाकी तिथे हे लावू नका. पेस्ट कंट्रोल किंवा दिवाळीपूर्वीची रंगरंगोटी असेल तर हवेची नळी लांबवून खिडकीबाहेर काढा, नाहीतर त्या दिवसापुरता स्किमर बंद ठेवून पाण्याच्या पृष्ठभागाची हालचाल पंपाने वाढवा. टाकी स्वयंपाकघराला लागून असेल तर तळणाच्या तेलकट हवेनेही फेस बसतो.

नळी खिडकीबाहेर काढायचा आणखी एक फायदा आहे. एसी लावून दारं-खिडक्या बंद केलेल्या बेडरूममध्ये कार्बन डायऑक्साइड साठतो, तो स्किमरमार्फत पाण्यात जातो आणि पीएच खाली ओढतो. बाहेरची हवा मिळाली की पीएच सुधारतो. फक्त बाहेर महापालिकेचं धुराचं यंत्र फिरतं त्या संध्याकाळी नळी आत घ्या.

वीज गेली की वरच्या टाकीतलं काही पाणी ओव्हरफ्लोतून खाली संपमध्ये उतरतं आणि स्किमरच्या कप्प्यातली पातळी चढते. वीज आल्यावर स्किमर त्या चढलेल्या पाण्यातच सुरू होतो आणि कप क्षणात भरतो. विकत घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात मुद्दाम मेन स्विच बंद करून, पंधरा मिनिटं थांबून, पुन्हा चालू करून हे बघून घ्या. ओसंडत असेल तर स्किमरला उशिरा सुरू करणारा टायमर लावा किंवा त्याला जाळीवर थोडा वर उचला.

आणि गणपतीला चार-आठ दिवस गावी जाणार असाल तर निघायच्या दोन दिवस आधी स्किमर नेहमीपेक्षा कोरडा चालेल असा लावून ठेवा. निघताना कप रिकामा करा, मान धुवा, नळीची बाटली रिकामी करा. शेजाऱ्यांना घराची चावी देणार असाल तर खाऊ एकेका दिवसाच्या पुड्या बांधून द्या आणि कप काठापर्यंत तपकिरी पाण्याने भरलेला दिसला तर स्किमरचा प्लग काढायचा एवढंच सांगा, व्हॉल्व्हला हात लावायचा नाही.